हायपो पन्नास मिली की अर्धा लिटर?

पत्र

मॅडम, सा. न. वि. वि.

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. गणपतीच्या आधी रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये लागले. कॉलेजात मार्क चांगले होते, पण इथं कुणी ‘एवढं पातळ करून ठेव’ म्हटलं की पोटात गोळा येतो. मागच्या महिन्यात क्रेट धुवायच्या ५० लिटरच्या टबात १०० पीपीएम क्लोरीन करायचं होतं. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्क्यांचा. गणित मांडलं, ५०० मिली आलं, तेवढं ओतलं. थोड्या वेळात कामाच्या बायका डोळे चोळत बाहेर आल्या. मग दोन लिटर ०.१ नॉर्मल एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) करायला सांगितलं. ते तपासल्यावर ०.११९ निघालं. सीनियर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “बीएस्सी पास झालीस की विकत आणलीस?” आता ते सॅम्पल ‘एकास दहा’ कर म्हणतात, तेव्हा एक मिली दहात घालायचं की नवात, हे विचारायचीही हिंमत होत नाही. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर आकडे घालते आणि देवाचं नाव घेते. आई म्हणते, बीएड कर. बाबांची आंब्याची कलमं आहेत, ते म्हणतात, घरी ये. सूत्र तर मला पाठ आहे. मग चुकतं कुठं?

— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर

अगं, बीएडचं आणि कलमांचं आधी बाजूला ठेवू. तू चुकांचे आकडे दिलेस हे फार बरं केलंस. नुसतं ‘गणित चुकतं’ लिहिलं असतंस तर मीही ‘आत्मविश्वास ठेव’ असलं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. आकडे असले की चूक कुठून आली त्याचा माग काढता येतो.

हायपोपासून सुरुवात. एक टक्का म्हणजे १०० मिलीत एक ग्रॅम. लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे १०,००० मिलिग्रॅम. पाण्याच्या बाबतीत लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम, म्हणून एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. तुझा हायपो दहा टक्क्यांचा, म्हणजे १,००,००० पीपीएम. तू सूत्रात १०,००० घातलेस. त्यामुळे ५० च्या जागी ५०० मिली आलं आणि टबात १०० ऐवजी हजार पीपीएमच्या आसपास क्लोरीन झालं. बायकांचे डोळे चुरचुरले यात नवल नाही. सी१व्ही१ बरोबर सी२व्ही२ (सी म्हणजे तीव्रता, व्ही म्हणजे किती मिली) हे तुझं सूत्र बरोबरच होतं. त्यात घातलेलं एक शून्य कमी पडलं.

हे शून्य पकडायची युक्ती आहे आणि तिला कागदही लागत नाही. सूत्राला हात लावायच्या आधी स्वतःला विचारायचं, किती पट पातळ करायचंय? लाखाचं शंभर करायचंय, म्हणजे हजार पट. मग ५० लिटरचा हजारावा भाग किती? ५० मिली. एवढं डोक्यात झालं की मगच कागद घे. कागदावर ५०० आलं तर तिथंच थांबशील, कारण डोक्यातला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळत नाहीत. माझ्या मते लॅबमध्ये नव्या आलेल्या मुलांना पहिले काही दिवस सूत्र वापरूच देऊ नये. ‘किती पट’ हा एकच प्रश्न विचारत राहावं.

आता ते ०.११९. हा आकडा वाचला आणि तू बाटलीतलं आम्ल किती घेतलंस ते मला कळलं. १९.७ मिली, बरोबर ना? बाटलीवर ३७ टक्के लिहिलं होतं, तू लिटरला ३७० ग्रॅम धरलेस, एचसीएलच्या रेणुभारानं, ३६.४६ ने भागलेस, लिटरला १०.१५ मोल, म्हणजे १०.१५ मोलर आलं, आणि त्यावरून दोन लिटरला १९.७ मिली. पण एचसीएलच्या बाटलीवरचे ३७ टक्के हे वजनाला वजन असतात. १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम एचसीएल. आणि ते द्रावण पाण्यापेक्षा जड असतं, मिलीला साधारण १.१९ ग्रॅम. म्हणजे एका लिटरचं वजन ११९० ग्रॅम, त्यात ३७ टक्के म्हणजे ४४० ग्रॅम एचसीएल, भागिले ३६.४६, सुमारे १२.१ मोलर. एचसीएलला मोलर आणि नॉर्मल एकच, म्हणून १२.१ चं ०.१ करायचं म्हणजे १२१ पट. २००० भागिले १२१, साडेसोळा मिली. घनता विसरलीस, म्हणून द्रावण १९ टक्के जास्त तीव्र झालं. तुझा ०.११९ हा आकडा म्हणजे तीच राहून गेलेली १.१९ ची घनता आहे.

बाटलीबाटलीत फरक असतो हेही बघ. आपल्याकडे ३५ टक्क्यांचं, १.१८ घनतेचं एचसीएलही सर्रास येतं, ते ११.३ मोलरच्या आसपास भरतं. कॉलेजच्या जर्नलमधला आकडा इथं लावायचा नाही, हातातल्या बाटलीचं लेबल वाचायचं. सल्फ्युरिकला आणखी एक फाटा आहे. ९८ टक्के, १.८४ घनता, म्हणजे १८.४ मोलर. पण त्याचे दोन हायड्रोजन धरायचे, म्हणून ३६.८ नॉर्मल. एक लिटर ०.१ नॉर्मलला २.७ मिली पुरतं. मोलर आणि नॉर्मल यांची गल्लत झाली की बरोबर दुपटीचा फरक पडतो, त्यामुळे उत्तर कधी नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं तर आधी तिकडे बघ. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही, हे तुला सांगायला नको. मात्र सल्फ्युरिक घातल्यावर फ्लास्क गरम होतो, तो गार झाल्यावरच खुणेपर्यंत पाणी भर. गरम असताना खुणेला आणलेलं पाणी गार झाल्यावर खाली उतरतं.

इथपर्यंत गणित झालं. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस आणि मला तीच जास्त खुपली. हायपो १० टक्क्यांचा आहे हे कुणी सांगितलं? कॅनच्या लेबलनं ना?

घरी सोलकढी करताना आई कोकमाचं आगळ किती घालते ते आठव. अमुक इतक्या वाट्या असं तिचं माप ठरलेलं नसतं. यंदाचं आगळ दाट आहे की पाणचट, ते बोट बुडवून चाखते आणि मग पाणी घालते. हायपो तर आगळापेक्षाही बेभरवशाचा. कारखान्यात भरताना दहा-बारा टक्के असेल, पण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या उकाड्यात कॅन पडून राहिले की त्यातला क्लोरीन उतरत जातो. उजेड आणि उष्णता दोन्ही त्याला मारक. ब्लीचिंग पावडरचं तेच. ताजी असताना ३० ते ३५ टक्के उपलब्ध क्लोरीन देणारी पावडर आपल्या पावसाळ्यात पिशवीचं तोंड उघडं राहिलं की ओल धरते, गोळे होतात, ताकद जाते. कोकणातल्या लॅबला ही अडचण वर्षभर असते. कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) चकत्या वजन करता करताच पाझरायला लागतात, त्यामुळे कॉस्टिकचं द्रावण वजनावर विसंबून कधीच अचूक होत नाही. ते करून मग ऑक्झॅलिक आम्लावर तपासावंच लागतं. एचसीएलचंही तसंच. साडेसोळा मिली घेऊन ०.१ च्या ‘जवळपास’चं द्रावण मिळतं. नेमका आकडा सोडियम कार्बोनेटवर टायट्रेट केल्यावरच, म्हणजे ब्युरेटनं थेंबथेंब घालून तपासल्यावरच कळतो. तू ते केलंस म्हणून ०.११९ सापडलं. तपासलं नसतंस तर चूक कुणाच्या लक्षातही आली नसती आणि पुढचे सगळे रिझल्ट वाकडे गेले असते. सरांनी तेवढं तरी बघायला हवं होतं.

हायपोची ताकद मोजायला तुमच्या लॅबमध्ये असलेलंच सामान पुरतं. १० मिली हायपो पिपेटनं, तोंडानं न ओढता, १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घे आणि खुणेपर्यंत भर. झाला दहा पट पातळ. त्यातले १० मिली कोनिकल फ्लास्कमध्ये घे, म्हणजे मूळ हायपो एक मिली. पोटॅशियम आयोडाइड टाक, अॅसेटिक आम्ल घाल. रंग गडद तपकिरी होईल. मग ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं टायट्रेट करत जा. पिवळा फिकट गवतासारखा झाला की स्टार्च घाल, निळं होईल, आणि निळा गेला की थांब. स्टार्च आधीच घातलंस तर आयोडीन त्याला चिकटून बसतं आणि शेवट लांबतो. थायोसल्फेटच्या एका मिलीमागे ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन. समज १९.७ मिली लागलं, तर ६९.९ मिलिग्रॅम, आणि तेवढा क्लोरीन मूळ हायपोच्या एका मिलीत आहे. म्हणजे लेबल १० टक्के म्हणत असलं तरी कॅनमध्ये सातच टक्के आहे. अशा कॅनमधून गणितानं बरोबर आलेलं ५० मिली घातलंस तरी टबात ७० पीपीएमच होणार. टबाला लागणारा क्लोरीन ५० लिटर गुणिले १००, म्हणजे ५००० मिलिग्रॅम. भागिले ६९.९, साडेएकाहत्तर मिली घ्यावं लागेल.

एवढ्यावरही टबातलं पाणी १०० दाखवेल असं नाही. क्रेटना लागलेलं रक्त, चिकटा, खवलं क्लोरीन खातात. म्हणून क्रेट आधी साध्या पाण्यानं धुऊन मग बुडवायचे आणि वापर चालू असताना मधूनमधून टेस्ट स्ट्रिपनं बघायचं. आणि सावध राहा. तुमच्याकडे हायपोही आहे आणि एचसीएलही. दोन्ही एका कपाटात, एका ट्रेमध्ये, एका सिंकमध्ये येऊ देऊ नकोस. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मग डोळे चुरचुरण्यावर भागणार नाही. शेडमधले लोक सोडियम हायपोक्लोराइटला हायपो म्हणतात आणि जुने लॅबवाले थायोसल्फेटलाही, म्हणून बाटल्यांवर पूर्ण नाव लिही.

आता एकास दहा. तुझी शंका अगदी रास्त आहे आणि ती विचारायला लाज वाटावी असं तीत काही नाही. काही जण एकास दहा म्हणतात तेव्हा त्यांना एकूण दहा हवे असतात, काही जण एकात दहा घालतात आणि एकूण अकरा होतात. मायक्रोबायोलॉजीत मात्र मोकळीक नाही, तिथं एकूण दहाच. २५ ग्रॅम मासळी २२५ मिली डायल्युअंटमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) वाटली की पहिलं दहा पट. त्यातला एक मिली नऊ मिलीच्या नळीत की शंभर पट. त्यातला एक पुढच्या नवात की हजार पट. प्लेटवर एक मिली टाकून जंतूंच्या ८४ वसाहती मोजल्यास तर ग्रॅमला ८४,०००. त्याच नळीतला ०.१ मिली पसरवला असशील तर आणखी दहानं गुणायचं, ८,४०,०००. हा शेवटचा दहा विसरणारे मी पुष्कळ पाहिलेत.

नवाऐवजी दहा मिलीच्या नळ्या भरल्यास तर काय होतं ते करून बघ. पहिली पायरी ठीक, दहा पट. पुढच्या दोन्ही अकरा-अकरा. १० गुणिले ११ गुणिले ११ म्हणजे १२१०. तू हजारानं गुणून ८४,००० लिहिणार, खरा आकडा १,०१,६४०. समजा घेणाऱ्यानं मर्यादा एक लाखाची घातलेली असेल, तर नापास माल तू पास करून कंटेनरमध्ये चढवलास. नळ्या ऑटोक्लेव्हमधून निघाल्यावर पाणी उडून नवाचे साडेआठ झालेले असतात, तीही एक गंमत. मधूनमधून एखादी नळी मोजून बघत जा. दर पायरीला पिपेट बदल आणि नळी नीट हलव. मासळीच्या गाळातले जंतू तळाशी बसतात. न हलवता वरचं पाणी उचललंस तर आकडा फसवतो.

सरांना विचारायचं कसं? प्रश्न विचारूच नकोस, वाक्य परत म्हण. “सर, एक मिली नऊमध्ये घालते, एकूण दहा.” त्यांना वेगळं हवं असेल तर ते लगेच बोलतील. नसेल तर मान हलवतील. आणि टिपणवहीत ‘१:१०’ असं कधीच लिहू नकोस. ‘१ मिली + ९ मिली’ लिही. मग तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीला तुझ्यासारखं अडखळावं लागणार नाही.

सूत्र कुठं चालत नाही, तेही माहीत असू दे. सी१व्ही१ मध्ये एक गोष्ट गृहीत असते. ज्यानं पातळ करतेस, त्यात तो पदार्थ मुळीच नाही. डिस्टिल्ड पाण्याच्या बाबतीत ते खरं आहे. पण कोळंबीच्या प्रकल्पावर बघ. ३२ पीपीटी (लिटरला साधारण ३२ ग्रॅम मीठ) खारटपणाचं समुद्राचं पाणी आहे, त्यात खाडीचं पाणी मिसळून २० पीपीटीचं हजार लिटर करायचंय, आणि खाडीच्या पाण्यातच ४ पीपीटी मीठ आहे. सूत्रानं समुद्राचं ६२५ लिटर येतं. उरलेल्या ३७५ लिटर खाडीच्या पाण्याबरोबर १५०० ग्रॅम मीठ फुकटात येतं आणि टाकीत साडेएकवीस पीपीटी होतं. इथं फरक मोजायचे. २० वजा ४ म्हणजे १६, ३२ वजा ४ म्हणजे २८. सोळाला अठ्ठावीसनं भाग, समुद्राचं ५७१ लिटर, खाडीचं ४२९. दोन्हीकडचं मीठ बेरजेला घेऊन पडताळ, २० येतात.

बाबांच्या कलमांवरून याची दुसरी बाजू कळेल. ते मोहोरासाठी कल्टार हे औषध घालत असतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला पॅक्लोब्युट्राझॉल ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. औषधात मिलीला पाव ग्रॅम घटक, म्हणून मीटरला ३ मिली. सहा मीटरच्या कलमाला १८ मिली. ते तीन लिटर पाण्यात कालवलं काय किंवा पाच लिटरमध्ये काय, झाडाच्या मुळाशी तेवढाच माल जातो. तिथं तीव्रतेला महत्त्व नाही, मालाला आहे. टबात मात्र तीव्रताच हवी, कारण जंतूंना पीपीएम लागतो. काय हवंय ते आधी ठरलं की मग गुणायचं कशाला आणि भागायचं कशाला ते आपोआप सुचतं.

फार लहान मापं टाळ. हजार पीपीएमच्या स्टँडर्डमधून १०० मिली एक पीपीएम करायचं तर थेट ०.१ मिली लागेल. पिपेटच्या टोकाला लटकणारा अर्धा थेंबसुद्धा तिथं मोठा होतो. आधी १० मिलीचे १०० कर, १०० पीपीएम. त्यातला १ मिली घेऊन १०० कर, एक पीपीएम. एक फ्लास्क जास्त धुवावा लागतो, एवढंच.

फोनवरच्या कॅल्क्युलेटरचा मला राग नाही. पण दहा टक्के म्हणजे किती पीपीएम ते तू त्याला सांगतेस, तो तुला सांगत नाही. डोक्यातलं ‘किती पट’ आधी, फोन नंतर.

आता बीएडचं. शिकवायची आवड असेल तर जरूर कर, चांगलं काम आहे. पण पातळ करायच्या गणिताला घाबरून जाऊ नकोस. उद्या आठवीच्या मुलांना प्रयोग दाखवताना तेच गणित समोर येईल. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यात गेलीस, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाच्या लॅबमध्ये लागलीस, एखाद्या पॅथॉलॉजीत लागलीस, तरी सकाळचं पहिलं काम हेच असणार. आणि ‘विकत आणलीस का’ हा सरांचा प्रश्न फार हलका होता. त्याला उत्तर देऊ नकोस. पुढच्या वेळी टबाच्या आधी हायपो टायट्रेट करून आकडा त्यांच्या टेबलावर ठेव. कॅनमध्ये सातच टक्के निघाले तर पुरवठादाराशी बोलायचं काम त्यांचं आहे.

ते ०.११९ चं एचसीएल ओतून दिलं नसशील तर टाकू नकोस. जास्त तीव्र द्रावण सुधारता येतं, कमी तीव्र सुधारणं कटकटीचं. मोजून बघ किती उरलंय. १९०० मिली असेल तर १९०० गुणिले ०.११९ भागिले ०.१, म्हणजे २२६१ मिली व्हायला हवं. ३६१ मिली डिस्टिल्ड पाणी मोजून घाल, बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळ, सोडियम कार्बोनेटवर पुन्हा टायट्रेट कर आणि जो आकडा येईल तोच, ०.१००२ आला तर ०.१००२, तारखेसकट लेबलवर लिही.